तुम्ही विचारलंत म्हणून: सनद मिळाली की अभ्यास संपला का?

एलएलबीच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे पालक हमखास विचारतात: सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आल्यावर पुन्हा परीक्षा असते का, आणि पुढे शिकत राहण्याची सक्ती असते का?

परीक्षा असते. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नाव नोंदवल्यावर २ वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावं लागतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली आहे. १०० बहुपर्यायी प्रश्न, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. पास व्हायला ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०. मराठीतूनही देता येते. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याची फक्त मूळ कलमं असलेली पुस्तकं, नेता येतात, पण त्यांत काही लिहिलेलं नसावं. समासात टिपणं काढलेली अभ्यासाची प्रत घरीच ठेवा.

नोंदणीच्या फीबद्दल अजून गैरसमज आहेत. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ प्रमाणे ती ६०० अधिक १५० रुपये, एससी-एसटीसाठी एकूण १२५. मुद्रांक शुल्क सोडून यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३० जुलै २०२४ चा निकाल आहे. आणि पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत, तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्या.

सक्तीच्या शिक्षणाचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात; वकिलांवर असं बंधन नाही. ते असायला हवं, असं आम्हाला ठामपणे वाटतं, कारण वकिलाच्या अज्ञानाची किंमत पक्षकार मोजतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी आणि पुराव्याच्या कायद्यांच्या जागी नवे कायदे लागू झाले, तेव्हापासून काय झालं ते बघा. सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घ्यायचा रस्ता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते जुने अधिकार गेले ५२८ मध्ये. सवयीने आकडा टाकला की अर्जाचा अर्थच बदलतो. त्यातून गुन्हा त्या तारखेआधी घडलेला असेल, तर कलमं भादंविचीच, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचीच, लागतात. म्हणून फाइल उघडल्यावर आधी घटनेची तारीख बघायची.

पुराव्याचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट दाखल करताना जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राचा नमुना अजून पुढे केला जातो. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन भागांत आहे: भाग अ पुरावा देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिची ओळख पटवणारा कोड) लिहायची, ती कोणत्या पद्धतीने काढली तेही. भाग ब रिकामा राहिला, की समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.