डॉक्टर गेले, डॉक्टर आल्या

२०१७ च्या नाताळात आम्ही नागपूरला होतो. धरमपेठेतल्या घरी रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. आई-बाबा केव्हाच झोपले होते, पण मी आणि लेक एका रजईत फोन मध्ये ठेवून जाग्या होतो. ती तेव्हा आठ वर्षांची. फोन वाजला तो आम्ही राहतो त्या ब्रिटनमधल्या कार्डिफहून, आमच्या शेजारच्या आजींचा. आधी त्या काही बोलल्याच नाहीत, नुसता नाक ओढल्याचा आवाज येत होता. लेकीने काहीतरी विचारलं, तिकडून उत्तर आलं आणि ती हुंदका देत माझ्याकडे वळली, "आई, डॉक्टर गेले!"

आतल्या खोलीतला दिवा लागला. "कोणते डॉक्टर? शंकरनगरवाले?" आई दारातूनच विचारत होती. तिच्या मागून कानटोपी घातलेले बाबा आले. "परवा तर दवाखान्यात बसून होते, असे कसे गेले?" असं म्हणत त्यांनी चपला शोधायला सुरुवातही केली.

कोणी वारलेलं नाही, एका मालिकेतला नट काम सोडून गेलाय, हे समजावायला मला दहा मिनिटं लागली. आई सुटकेचा श्वास टाकून परत झोपायला गेली. बाबा मात्र नातीजवळ पलंगावर बसले. तिला रडताना पाहून त्यांना हसू आलं नाही, हे मला आजही आठवतं. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "नट गेला, की पात्र गेलं?"

इतकी वर्षं कार्डिफमध्ये राहून या मालिकेबद्दल खूप काही ऐकलं, पण इतका नेमका प्रश्न मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मालिकेचं नाव 'डॉक्टर हू'. बीबीसीवर तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तो भाग पुन्हा दाखवावा लागला. त्या पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन. जन्म लखनौचा. हे सांगितल्यावर बाबा जरा सरसावून बसले. डॉक्टर हा परग्रहावरून आलेला प्रवासी. पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखं दिसणाऱ्या, पण आतून कितीतरी मोठ्या यानात बसून तो काळातून मागेपुढे हिंडतो. यानाचं नाव टार्डिस.

पहिले डॉक्टर होते विल्यम हार्टनेल. तीन वर्षांत त्यांची तब्येत खालावली, संवाद लक्षात राहीनात. १९६६ मध्ये प्रश्न उभा राहिला की मालिका बंद करायची, की दुसरा नट आणून प्रेक्षकांना गुपचूप गिळायला लावायचं? लेखक-निर्मात्यांनी तिसराच मार्ग काढला. डॉक्टर माणूस नाहीच, तेव्हा शरीर थकलं की ते बदलतं. चेहरा नवा, चालणं-बोलणं नवं, पण आठवणी त्याच. ऑक्टोबर १९६६ मध्ये हार्टनेल जमिनीवर कोसळले, पडदा उजळला आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा दिसला. त्या भागाची मूळ फीत नंतर बीबीसीकडून नष्ट झाली. चेहरा बदलण्याचा तेवढा तुकडा वाचला, तोही मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात वापरला होता म्हणून. साठ वर्षांचा डोलारा ज्यावर उभा आहे, ते काही सेकंद असे नशिबाने उरले आहेत. मला त्याचं फार वाटतं.

"म्हणजे पात्र तेच, नट नवा," बाबा म्हणाले. "मग रडायचं काहून? आमच्याकडे तर हे होतच आलं."

आणि ते 'नटसम्राट'वर आले. बाबा एजी ऑफिसात होते, पण त्यांचा जीव नाटकात. १९७० मध्ये शिरवाडकरांचं ते नाटक आलं तेव्हा गणपतराव बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, आणि दिग्दर्शक आपले नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर. पुढे ती भूमिका दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनी केली, यशवंत दत्तांनी केली. "मी लागूंचा बेलवलकर पाहून आलो होतो," बाबा नातीला सांगत होते. "मग दत्ता भटांचा प्रयोग धनवटे रंग मंदिरात लागला. मी गेलो, पण हाताची घडी घालून बसलो. पहिला अंक पुरा होईपर्यंत घडी सोडली नाही. मध्यंतरात मी मित्राला म्हटलं, चाललो बावा घरी, हा आपला बेलवलकर नाही. तो म्हणाला, तू चहा पिऊन ये, मी जागा धरून ठेवतो. खुर्चीवर रुमाल टाकला त्यानं."

"मग?" लेकीचं रडं थांबलेलं.

"मग काय, आलो परत. रात्री पायी घरी गेलो, कोणाशी बोललो नाही."

इथे कार्डिफमधल्या लोकांना ही गोष्ट सांगितली तर एका क्षणात कळेल. इथे कोणाशीही या मालिकेवर बोलायला बसा, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुझा डॉक्टर कोणता?" आवडता कोणता, असं कोणी विचारत नाही. तुमचा डॉक्टर म्हणजे तुम्ही लहान असताना सोफ्यामागे लपून ज्याला पाहिलंत तो. आमच्या शेजारच्या आजींचा डॉक्टर म्हणजे टॉम बेकर, १९७४ ते १९८१. सात वर्षं, आजवरची सगळ्यात मोठी कारकीर्द. त्यांच्या गळ्यात रंगीबेरंगी लांबच लांब मफलर असायचा. त्याची कथा अशी की विणणाऱ्या बाईंना भरपूर लोकर देऊन ठेवली होती, त्यांना वाटलं सगळी संपवायची आहे, म्हणून त्या विणतच गेल्या. आजींनी तशीच मफलर मुलासाठी विणली होती. मुलगा आता पन्नाशीत आहे. टॉम बेकर गेले त्या शनिवारी त्याने जेवायला नकार दिला, आणि मफलर खुंटीला टांगली ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत काढली नाही. आजी हे सांगतात तेव्हा त्यात थट्टा नसते. आपल्याकडे घरातल्या मुलाचं पहिलं आजारपण सांगावं, तशा सांगतात.

२०११ मध्ये आम्ही कार्डिफला आलो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. २००५ पासून ही मालिका इथेच तयार होते, हेही नाही. पहिल्याच महिन्यात आम्ही कार्डिफ बेला फिरायला गेलो. मर्मेड के नावाचा धक्का आहे, तिथे पाण्याच्या कडेला एका भिंतीवर फोटो, कापडी फुलं, पत्रं, कवितांचे कागद लावलेले. मध्ये एका तरुणाचं नाव, इआंटो जोन्स. मी लेकीला कडेवर घेऊन एकेक पत्र वाचत होते. 'तू गेल्यापासून' अशी सुरुवात असलेलं एक पत्र वाचून तर गळा दाटला. एवढ्या तरुण वयात गेलेला कोण हा मुलगा, कसा गेला, मी नवऱ्याला विचारत राहिले. मग त्याने खालची पाटी वाचून दाखवली. तो मुलगा कधी नव्हताच. 'डॉक्टर हू'मधूनच निघालेल्या 'टॉर्चवुड' या मालिकेतलं ते पात्र, २००९ मध्ये कथेत मरण पावलं. चाहत्यांनी त्या भिंतीवर आपोआप स्मारक उभं केलं, आणि जागेच्या मालकांनी ते काढून टाकण्याऐवजी तिथे रीतसर पाटी लावून दिली.

त्या दिवशी मला हे अती वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. आता पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते, किल्ला नंतर. एक बाई दरवर्षी येऊन जुनी फुलं काढतात, नवी लावतात, भिंत पुसतात. मी त्यांना दोनदा पाहिलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

माझ्या लेकीचा डॉक्टर पीटर कपाल्डी. पांढरे केस, जाड भुवया, तिरसट बोलणं. २०१३ मध्ये त्यांचं नाव जाहीर झालं तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. आधीचे मॅट स्मिथ निवड झाली तेव्हा २६ चे, सगळ्यांत तरुण डॉक्टर. शाळेतल्या मुलांना हा 'म्हातारा' मुळीच चालेना. लेखकांनाही ते ठाऊक असावं. कपाल्डींच्या पहिल्याच मोठ्या भागात मॅट स्मिथचा डॉक्टर भूतकाळातून आपल्या मैत्रिणीला फोन करतो आणि विनवतो की हा नवा माणूस घाबरलेला आहे, त्याला सांभाळून घे. गेलेल्याने येणाऱ्यासाठी शब्द टाकावा, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. आणि कपाल्डी तर लहानपणापासूनचे चाहते. १९७४ मध्ये, शाळकरी वयात त्यांनी 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाला लिहिलेलं कौतुकाचं पत्र छापून आलं होतं. तोच मुलगा चाळीस वर्षांनी डॉक्टर झाला.

जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी सोडण्याचं जाहीर केलं. १६ जुलैला, विम्बल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना संपल्यावर, एक छोटी फिल्म दाखवली. रानातून कोणीतरी चालत येतं, डोक्यावरची टोपी मागे सारतं, आणि आत जोडी व्हिटेकर. पहिली बाई डॉक्टर. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. काहींनी मालिका कायमची सोडल्याचं जाहीर केलं. खुद्द जुन्या डॉक्टरांतही मतभेद झाले. पीटर डेव्हिसन म्हणाले की मुलग्यांचा एक आदर्श गेल्याची थोडी खंत वाटते, तर कॉलिन बेकरनी उत्तर दिलं की आदर्श व्हायला पुरुषच असावं लागतं असं नाही. शेजारच्या आजी मधल्या मध्ये. त्या म्हणत, "बाई असण्याचं मला काही नाही गं, पीटर कपाल्डी जातोय त्याचं आहे." आणि मला वाटतं बहुतेकांचं दुःख तेवढंच, तेवढं साधं होतं. भांडणाच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं.

तो नाताळचा भाग आम्ही जानेवारीत परतल्यावर आजींच्या घरी पाहिला. त्यांनी तो रेकॉर्ड करून ठेवला होता आणि दुसऱ्यांदा आमच्याबरोबर पाहण्यासाठी केक केला होता. गोष्ट थेट १९६६ ला जाऊन भिडते. बर्फात दक्षिण ध्रुवावर पहिला डॉक्टर उभा आहे, बदलायला नकार देत. ही भूमिका डेव्हिड ब्रॅडली यांनी केली, हार्टनेल तर १९७५ मध्येच गेले. त्याच्यासमोर कपाल्डींचा डॉक्टर, तोही नकार देणारा. दोघं थकलेले, दोघांनाही थांबायचंय. १९१४ च्या नाताळातला, पहिल्या महायुद्धातला तो प्रसिद्ध अल्पकाळचा युद्धविराम कथेत येतो, एका सैनिकाचा जीव वाचतो, आणि मग दोघं आपापल्या वाटेने जायला तयार होतात. शेवटी टार्डिसमध्ये एकटा उभा राहून कपाल्डींचा डॉक्टर पुढच्या स्वतःला सूचना देतो. त्यातलं 'दयाळू राहा' हे लेकीने वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवलंय. आणि शेवटी तो म्हणतो की डॉक्टर, मी तुला जाऊ देतो.

पडदा उजळला. बोटातली अंगठी सैल होऊन खाली पडली, कारण हात आता लहान होता. जोडी व्हिटेकरने आरशासारख्या पडद्यात स्वतःला पाहिलं आणि यॉर्कशायरच्या हेलात दोनच शब्द बोलली, "ओह, ब्रिलियंट!" पुढच्या क्षणी ती यानातून खाली कोसळत होती.

आजींनी डोळे पुसले. लेक काही बोलली नाही. मग ऑक्टोबर २०१८, रविवार संध्याकाळ, नव्या डॉक्टरबाईंचा पहिला भाग. लेक सोफ्यावर बसली ती हाताची घडी घालून. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. मध्येच एकदा तिने घडी सोडली, काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा घातली. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र तिचे दोन्ही हात तोंडावर होते. रात्री तिने नागपूरला फोन लावायचा हट्ट धरला, तिकडे पहाट व्हायची होती, तरी बाबांनी उचलला. "आबा," ती म्हणाली, "मी परत आत गेले."

जोडी व्हिटेकरही ऑक्टोबर २०२२ मध्ये गेली आणि सगळ्यांना चकवून तिच्या जागी दहावे डॉक्टर डेव्हिड टेनंट परत आले. मग शुटी गाटवा आले, नाचणारे, हसणारे, भरभरून रडणारेही. त्यांचा निरोप ३१ मे २०२५ ला झाला. लेक आता सोळाची. दहावीच्या बरोबरीची परीक्षा चालू होती, तरी पुस्तक मिटून बसली. शेवटी चेहरा बदलला तो बिली पायपरचा, जी २००५ मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ झाली होती. नामावलीत तिच्यापुढे 'डॉक्टर' असं लिहिलंच नाही. शेजारच्या आजी भिंत ठोठावून विचारत होत्या की ही नक्की कोण आहे, आणि उत्तर आमच्याकडेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांशी बोलणं झालं. नागपुरात नवतप्याचे दिवस, मागे कूलर घरघरत होता, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. लेकीने सगळं सांगितलं. नट गेला, चेहरा आला, पण तो कोणाचा ते माहीत नाही, आणि पुढचा भाग कधी तेही नाही.

"म्हणजे मध्यंतर होऊन राहिलं," बाबा म्हणाले.

"हो, पण आबा, घंटा कधी होणार तेच कोणी सांगत नाहीये."

"मग जा, चहा पिऊन ये," तिकडून आवाज आला. "मी जागा धरून ठेवतो."