बाबांच्या प्रेसची विंडोज दुसऱ्या मशीनवर नेताना

२०१७च्या ऐन लग्नसराईत साताऱ्यातल्या आमच्या प्रेसमधला कॉम्प्युटर गेला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते. हार्डडिस्क मात्र ठणठणीत होती. तिच्यावर विंडोज ७ प्रोफेशनल, पानं जुळवण्याचा पेजमेकर हा प्रोग्राम आणि युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या बाबांच्या शेकडो पत्रिका. त्या फॉन्टच्या सीडी कधीच हरवलेल्या, त्यामुळे विंडोज नव्याने टाकून भागणार नव्हतं. आहे ती सिस्टीम जशीच्या तशी उचलून न्यायची होती.

दुसऱ्या कंपनीचा एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. डिस्क त्याला लावण्याआधी क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रत काढली. ही पायरी कुणीही गाळू नये, असं मी कळकळीने सांगेन.

डिस्क लावली आणि लोगो दिसतो न दिसतो तोच निळा पडदा, कोडच्या शेवटी ७बी. विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती. जुन्या मशीनमध्ये ती आयडीई या डिस्कशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीने चालायची, नव्याच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, एएचसीआय ही नवी पद्धत होती, आणि बसवताना न लागलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) विंडोज ७ सुरुवातीला उठवतच नाही. बायोसमध्ये आयडीई केल्यावर विंडोज उघडली. मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एमएसएएचसीआय या एएचसीआयच्या ड्रायव्हरच्या ‘स्टार्ट’समोरच्या ३ चा ० केला, म्हणजे तो सुरुवातीलाच उठेल, आणि बायोस परत एएचसीआयवर नेलं.

खरं कुलूप पुढे होतं. ‘ही विंडोज अस्सल नाही’ असा संदेश आला. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेल्या विंडोज ७ मध्ये तीन गोष्टी जुळाव्या लागतात: बायोसमधला स्लिक नावाचा तक्ता, विंडोजमधलं त्या कंपनीचं प्रमाणपत्र आणि कंपनीच्या सगळ्या मशीनना सामायिक असलेली की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक. आमच्याकडे प्रमाणपत्र आणि की एका कंपनीची, बायोस दुसरीचं. शिवाय ते लायसन्स जुन्या मशीनपुरतंच, तिच्याबरोबर संपलेलं. बायोसमध्ये हवा तो स्लिक असल्याचं विंडोजला भासवणारा लोडर नावाचा प्रोग्राम टाक, असं एका ओळखीच्याने सुचवलं. लोकांची कामं जिथे होतात त्या मशीनवर मला ते नको होतं.

मग लक्ष गेलं ते नव्या कॅबिनेटच्या बाजूच्या स्टिकरकडे. विंडोज ७ प्रोफेशनलच! आवृत्ती तीच, म्हणजे या मशीनचं स्वतःचं लायसन्स समोरच होतं. होम प्रीमियम असतं, तर ती की इथे चाललीच नसती. अक्षरं पुसट झालेली. ताईने टॉर्च धरला, मी पंचवीस अक्षरं उतरवून घेतली. ऑनलाइन ॲक्टिव्हेशन (लायसन्सची नोंद) झालं नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टला फोन करण्याचा मार्ग घेतला. ५४ आकडे त्यांना द्यायचे, ४८ आकडे त्यांच्याकडून घ्यायचे. ताई सहा-सहा आकडे वाचत होती, मी दाबत होतो.

सिस्टीमच्या माहितीत जुन्या कंपनीचा लोगो अजून दिसत होता. तो तसाच राहू दिला. बाबांनी अर्धवट राहिलेली पत्रिका उघडली, जोडाक्षरं नीट आहेत ना ते चष्मा वर करून पाहिलं आणि मुहूर्ताची वेळ टाइप करायला घेतली.