न्यामाटाचे चर्च

आज रवांडाची राजधानी किगालीच्या दक्षिणेला असलेले न्यामाटाचे चर्च पाहिले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. एप्रिल १९९४ मध्ये जीव वाचवण्यासाठी इथे आसऱ्याला आलेल्या, तुत्सी या अल्पसंख्य समाजातल्या हजारो माणसांची इथेच कत्तल झाली. पत्र्याच्या छपराला पडलेल्या भोकांतून आजही उन्हाचे कवडसे आत उतरतात. बेल्जियमच्या राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रावर माणूस बहुसंख्य हुतू समाजाचा की तुत्सी हे लिहायला सुरुवात केली, १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावरही तो रकाना तसाच राहिला, आणि पुढे नाक्यानाक्यावर त्याच एका शब्दावरून माणसाचे जगणे-मरणे ठरले. भाषा एकच, किन्यारवांडा, गावेही एकच. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, पण माझ्या डोळ्यांसमोरून मातकट झालेला एक लहानसा सदरा काही केल्या हलत नाही.