आईचं लोणचं आणि एआयचा पाव चमचा

गेले दोन-तीन महिने मला एक नवीन खूळ लागलंय. कुठलंही एआय टूल दिसलं की अकाउंट उघडायचं, फ्रीवालं संपेपर्यंत पिदडायचं आणि सोडून द्यायचं. नवरा म्हणतो तुझ्याकडे टूलपेक्षा पासवर्ड जास्त झालेत.

सुरुवात झाली सोसायटीच्या गणपतीच्या निमंत्रणापासून. चित्र एकदम झकास आलं, जास्वंद, दूर्वा, समई, उंदीरमामा पण होता कोपऱ्यात, आणि वर 'श्री गणेशोत्सव' लिही म्हटलं तर 'श्री'ला दोन वेलांट्या आणि 'त्स'चं तर पार कडबोळं. कारण असं की ही चित्रवाली मॉडेल्स आपल्यासारखं अक्षर टाइप करत नाहीत, अक्षराचं पण चित्रच काढतात, आणि जोडाक्षर आलं की दांडी गुल. आता नवीन आलेली बरीच सुधारलीत, पण छापायला द्यायचं तर रिस्क कोण घेणार. आता मी चित्र बिनअक्षरी मागवते, वरचा भाग मोकळा ठेव म्हणून सांगते आणि मजकूर कॅनव्हा नावाच्या डिझाइनच्या ॲपमध्ये स्वतः टाकते. फॉन्ट मुक्ता नाहीतर बालू, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट. आणि ल, श आपल्या मराठी वळणाचे हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी बघा, हिंदीचं वेगळं आणि मराठीचं वेगळं असं दिलंय त्यांनी, मला तर बघूनच भरून आलं.

फोटोंची नावं बदलणं, एक्सेलचे फॉर्म्युले, असली हमाली चॅटबॉट मस्त करतो. त्यावर काय लिहायचं.

खरी गंमत आईच्या रेसिपींची. आई टाइप करत नाही, व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोट पाठवते, तीन-तीन मिनिटांच्या, मध्ये कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या काकूंशी गप्पा. म्हटलं हे सगळं लिहून काढू. बोललेलं ऐकून लिहून काढणारं ओपनएआयचं व्हिस्पर 2022 मध्ये आलंय, फुकट आहे, आपल्याच लॅपटॉपवर चालतं, 6 लाख 80 हजार तासांच्या ऑडिओवर शिकवलंय, अर्थात त्यातलं बहुतेक इंग्रजी. पण माझा लॅपटॉप पडला म्हातारा, म्हणून मी फोनवरचं एक दुसरंच ॲप घेतलं. त्याने 'कैऱ्या'चं 'कैर्या' केलं, डाळीची दाल केली, आणि 'फोडणी करून गार होऊ दे'चं 'फोन करून गार होऊ दे'. म्हणजे तसं चुकीचं पण नाही, आईला फोन करून माणूस गारच होतो :)

हे सगळं मी दुरुस्त करून चॅटबॉटला दिलं, नीट रेसिपी लिहून दे म्हणून. दिली की! साहित्य, कृती, टीप, सगळं कसं मासिकात छापल्यासारखं. हिंग पाव चमचा, मेथी एक चमचा, मोहरीची डाळ अर्धी वाटी. मी खूश, लगेच आईला वाचून दाखवलं.

"पाव चमचा कोण म्हणालं?"

"अगं तूच म्हणाली असशील."

"मी कशाला म्हणू? हिंगाचा वास बघून घालायचा असतो, डबीतला जुना असला तर जास्त लागतो."

परत ऑडिओ ऐकला. तिने एकही माप सांगितलं नव्हतं. 'जरासं', 'बेताचं', 'कैऱ्या किती आंबट त्यावर', आणि मिठाला फक्त 'कळेल तुला'. बाकी सगळं त्या बाबाने आपल्या मनाने भरलेलं, आणि इतक्या आत्मविश्वासाने की मी पण फसले. उत्तराचा साचाच तसा ना, रेसिपी म्हटलं की माप येणारच, नसेल तर जे साधारण असतं ते ठोकून द्यायचं. स्पेलिंग चुकलं तर दिसतं तरी, हे दिसत पण नाही. लोणच्यात मीठ कमी पडलं तर बुरशी धरते हो, मस्करी नाही.

मग मी खडसावून लिहिलं, माप सांगितलं नसेल तर माप लिहायचं नाही, तिचे शब्द आहेत तसेच ठेव. आता प्रत्येक ओळीपुढे आलं 'माप: सांगितलेले नाही'. अकरा वेळा. दिसायला भिकार.

आईला पाठवलं. तिची व्हॉइस नोट आली, "हां, आता बरोबर आहे. फक्त तेल कोमट नको, पूर्ण गार झालेलं घाल असं लिही त्याला."