तुम्ही विचारलंत म्हणून: घरी कोणता गुलाब लावू?

हा प्रश्न बहुतेक वेळा फुलाच्या फोटोसह येतो. फोटो कळीचा असतो, जवळून घेतलेला. झाड केवढं होतं, पानं कशी टिकतात, दोन बहरांमध्ये किती दिवस जातात, यातलं त्यात काहीच दिसत नाही. म्हणून उलटा प्रश्न विचारावा लागतो: जागेवर थेट ऊन किती तास येतं? सहा तासांच्या खाली असेल तर जात कोणतीही निवडा, फांद्या लांबट होणार, फुलं कमी येणार आणि पानांवर रोग लवकर बसणार. निवड करता येत असेल तर सकाळचं ऊन घ्या. त्यामुळे पानांवरचं दव लवकर वाळतं.

ऊन पुरेसं असेल आणि हा पहिलाच गुलाब असेल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आइसबर्ग. जर्मनीच्या कॉर्डेस यांनी 1958 साली आणलेला हा पांढरा फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाने फुलणाऱ्या गटातला गुलाब. एकेका फुलाकडे बघितलं तर फार काही नाही, सुगंधही हलकाच. पण घोस येतात, एक ओसरेपर्यंत दुसरा तयार असतो, काटे कमी आणि उंची मीटर-सव्वा मीटर. छाटणीत चूक झाली तरी झाड सावरून घेतं. थंडीत पाकळ्यांवर गुलाबी झाक आली तर घाबरू नका, तो रोग नव्हे. कमजोरी एकच: दमट हवेत पानांवर काळे ठिपके पडतात. या बुरशीला रुजायला पान सलग सात-एक तास ओलं लागतं. त्यामुळे पाणी सकाळी आणि मुळाशीच घाला, गळलेली पानं कुंडीत कुजू देऊ नका. आइसबर्गचा वेलीसारखा चढणारा प्रकारही मिळतो, म्हणून विकत घेताना नेमका कोणता ते विचारून घ्या.

फुलदाणीत एकटं उभं राहील असं लांब दांड्याचं फूल हवं असेल तर हायब्रिड टी या गटातले गुलाब घ्यावे लागतात. इथे सगळे आधी पीसचं नाव घेतात. फ्रान्सच्या मेयाँ यांची ही जात 1945 साली अमेरिकेत पीस या नावाने आली. पिवळ्या पाकळ्या, गुलाबी कडा, चकचकीत पानं. फूल खरोखर मोठं. वास मात्र जेमतेम, हे आधीच सांगितलेलं बरं. याची खरी गोम छाटणीत आहे. इतर हायब्रिड टी अर्ध्यावर किंवा त्याहून खाली उतरवले तरी जोमाने फुटतात. पीस तसा खाली उतरवला तर भरपूर पानं देतो आणि शेंड्याला कळीच नसलेले आंधळे फुटवे काढत बसतो. त्याची वरची एक तृतीयांश उंचीच काढा, जास्त नको. आंधळा फुटवा दिसलाच तर तो अर्ध्यावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या कोंबाच्या) वर कापा. खालचा डोळा बहुधा फूल देतो.

सुगंधासाठी मिस्टर लिंकन घ्या. गडद लाल, मखमली, वास दुरूनही येतो. झाड दीड मीटरच्या पुढे सहज जातं, त्यामुळे ते मागच्या रांगेत हवं. त्याहून काळसर लाल पापा मेयाँ वासाला अप्रतिम, पण भुरी (पानांवर पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी) त्याला शोधत येते. भुरीचं वागणं काळ्या ठिपक्यांच्या उलट: तिला पानावर पाणी लागत नाही, कोरडा दिवस, दमट रात्र आणि कोंडलेली हवा पुरते. भिंतीला चिकटून ठेवलेल्या कुंडीत ती हमखास येते. मधल्या दाट फांद्या काढून झाड पेल्यासारखं मोकळं ठेवलं तर फवारणीचं निम्मं काम वाचतं. फवारणीला वेळच नसेल तर पापा मेयाँचा नाद सोडा.

डबल डिलाइटबद्दल तक्रार नेहमी एकच असते: फोटोत लाल कडा होती, आमचं फूल फिकट साय रंगाचंच आलं. रोप फसवं असेलच असं नाही. 1977 सालच्या या जातीत तो लाल रंग उन्हातल्या अतिनील किरणांमुळे चढतो. कळी फिकट उघडते, मग ऊन लागेल तशी पाकळी कडेपासून आत लाल होत जाते. म्हणून एकाच झाडावरची दोन फुलं सारखी दिसत नाहीत, आणि काचेआड किंवा सावलीत लाली चढतच नाही. कुंडी उन्हात सरकवा आणि पुढच्या बहराची वाट बघा.

क्वीन एलिझाबेथ (1954) गुलाबी, काटक आणि ताडमाड. दोन मीटर गाठते. कुंपणाला उत्तम, छोट्या कुंडीत फुकट.

औषधांच्या बाटल्या घरात आणायच्याच नसतील तर नॉकआउट. विल्यम रॅडलर यांची 2000 साली आलेली ही जात काळ्या ठिपक्यांना दाद देत नाही. फूल साधं, वास जवळजवळ नाही. गुलाबाचे जुने शौकीन तिला नाकं मुरडतात, पण फक्त शनिवार-रविवारी बागेत जाणाऱ्याला मी तीच सुचवेन. कमी जागेसाठी द फेअरी (1932) हा आणखी एक पर्याय: गुडघ्याच्या आसपास उंची, फिकट गुलाबी घोस. कोरड्या उन्हाळ्यात त्यावर लाल कोळी ही बारीक कीड येते. पान उलटून खालची बाजू बघण्याची सवय ठेवा.

कमानीवर चढवायला न्यू डॉन. अमेरिकेतलं वनस्पतींचं पहिलं पेटंट 1931 साली याच गुलाबाला मिळालं. वेली गुलाबाला फक्त शेंड्यालाच फुलं येतात, अशी ओरड असते. कारण फांदी सरळ उभी बांधलेली असते आणि शेंडा खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. तीच फांदी आडवी किंवा पंख्यासारखी तिरकी बांधा, म्हणजे तिच्यावरचा जवळजवळ प्रत्येक डोळा फुलाचा फुटवा देतो. फांदी कोवळी असतानाच वळवा. जून झाली की मोडते. मुख्य फांद्या पहिली दोन वर्षं कापू नका.

कुंडी मिनिएचरला, म्हणजे बुटक्या, बारीक फुलांच्या गुलाबाला, 20 ते 25 सेंटिमीटर पुरते. फ्लोरिबंडाला 30 ते 35, हायब्रिड टीला 40 च्या आसपास, आणि रुंदीइतकीच खोलीही हवी. जमिनीत लावायचा असेल तर 45 सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा आणि त्यात मातीच्या एक तृतीयांश कुजलेलं शेणखत. ताजं खत मुळं जाळतं. फूल सुकलं की नुसतं बोंड खुडू नका. खाली येत पाच पर्णिका (एका पानातली छोटी पानं) असलेलं पहिलं बाहेरच्या बाजूचं पान गाठा आणि त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्या. तिथून पुढचं फूल यायला हवामानाप्रमाणे पाच ते सात आठवडे लागतात.

राहिला दुसरा नेहमीचा प्रश्न: लाल गुलाब आणला होता, दोन वर्षांनी बारीक पांढरी फुलं का येतात? जात बदललेली नाही. डोळा भरलेला वरचा गुलाब दबला आणि खालचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर तो डोळा बसवलेला असतो तो गुलाब, वर आला. पांढरे बारीक घोस असतील तर खुंट बहुधा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा. पर्णिका मोजून खुंटाचा फुटवा ओळखा असं सांगतात, पण त्यावर विसंबू नका. काही चांगल्या जातींनाही सात पर्णिका असतात. फुटवा निघतो कुठून ते बघा. माती बाजूला करत खोडावरच्या गाठीपर्यंत, म्हणजे डोळा भरलेल्या जागेपर्यंत, जा. गाठीच्या वरून असेल तर तुमचा, खालून असेल तर खुंटाचा. खुंटाचा फुटवा जमिनीलगत कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून चार नवे येतात. हातमोजा घालून तो उगमापाशी धरा आणि खाली ओढून सालीसकट उपटून काढा. पुन्हा माती लावताना, कडाक्याची थंडी पडत नसेल तर गाठ मातीच्या वरच राहू द्या. जमीन गोठत असेल तर ती तीन ते पाच सेंटिमीटर खाली झाका.