रात्रीची लाइन आणि अल्गॉलचं टाइमटेबल

हरभऱ्याचं ओलीत म्हणजे आमच्याकडे रात्र काढणं. लाइन, म्हणजे मोटरची वीज, कधी दिवसाची असते, कधी रात्रीची, अन रात्रीची असली की बारा म्हणता दीडला येते, कधी येऊन दहा मिनिटांत जाते, मग डीपीपर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) चक्कर मारा, परत येऊन धुऱ्यावर बसा. शेकोटी, मफलर, रानडुकरांसाठी खिशात दोन फटाके. मोबाइलची बॅटरी टॉर्चसाठी राखायची, मग पाहायला उरतं फक्त आभाळ. मला ताऱ्यांचा नाद लागला तो असा, लाइनची वाट पाहता पाहता.

सगळ्यात आधी ओळख झाली अल्गॉलशी. शर्मिष्ठा तारकासमूहाचा एम कोणालाही सापडतो, तिथून कृत्तिकेच्या पुंजक्याकडे नजर नेली की वाटेत ययातीमधला हा तारा लागतो, डिसेंबरात नऊ वाजता जवळजवळ डोक्यावरच. रोज पाहिला तर काही विशेष नाही, बाजूच्या देवयानीच्या टोकाच्या ताऱ्याएवढाच. पण एखाद्या रात्री पाहावं तर हा बारीक झालेला, कंदिलाची वात कोणी खाली केल्यासारखा. पहिल्यांदा मला वाटलं डोळ्याचा नंबर वाढला.

तर भानगड अशी की तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, अन मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की आपल्याला ग्रहण दिसतं. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी. पाचेक तास उतरत जातो, पाचेक तासांत परत चढतो, अन अगदी खालच्या वेळी उजेड जेमतेम एक तृतीयांश उरतो. म्हणजे आज रात्री बाराला मंद झाला तर तीन दिवसांनी पावणेनऊच्या आसपास होणार, हिशोब वहीत लिहून ठेवा, चुकणार नाही. लाइनच्या वेळापत्रकाचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतो, तो पाहून मी आजवर एकदाही वेळेवर मोटर चालू केलेली नाही. अल्गॉलच्या वेळेवर मात्र मी चहा ठेवतो.

ही वेळ शोधणारा जॉन गुडरिक, इंग्लंडचा, १७८३ मध्ये अठरा वर्षांचा होता अन त्याला ऐकू येत नव्हतं. मोठी दुर्बीण वगैरे काही नाही, नुसत्या डोळ्यांनी रात्र रात्र बाजूच्या ताऱ्यांशी तुलना करत बसला अन वर हेही सुचवलं की कोणीतरी मधे येत असावं. एकविसाव्या वर्षी गेला बिचारा. अठराव्या वर्षी मी काय करत होतो ते सांगण्यासारखं नाही.

आपल्याकडेही असा एक माणूस होऊन गेला, राधागोविंद चंद्र, आता बांगलादेशात असलेल्या जेसोरचे. ट्रेझरीत नोकरी करून रात्री असे कमी-जास्त होणारे तारे पाहायचे, अन ३७ हजारांहून जास्त नोंदी करून अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संस्थेला पाठवल्या. माझ्या वहीत आजघडीला एकशे चाळीस आहेत, त्यातल्या काहींवर चहा सांडलेला.

अल्गॉल हे एक टोक. दुसरं तिमिंगलातला मीरा, तो सुमारे ३३२ दिवसांनी उजळतो अन मग असा गायब होतो की दुर्बिणीशिवाय सापडत नाही. काही वर्षं तर उजळायच्या वेळी नेमका सूर्याच्या बाजूला असतो, म्हणजे पाहुणा आला अन आपण लग्नाला गेलेलो. अन मृगाच्या खांद्यावरचा तांबडा तारा, २०१९-२० च्या हिवाळ्यात चांगलाच मंदावला होता, धुळीच्या ढगामुळे असं नंतर कळलं. तेव्हा मी रोज त्याच्याचखाली शेकोटी करून बसायचो अन माझ्या लक्षातच आलं नाही.

धूमकेतूंचं मात्र वेगळंच. १९८६ मध्ये मी आठ वर्षांचा होतो, आबाजींनी पहाटे चारला उठवलं, हॅली पाह्यला चाल म्हणे. त्यांच्या आईने १९१० चा पाहिला होता, केवढी शेपटी, अख्खं गाव घाबरलं होतं. (त्या वर्षी जानेवारीत दुसराच एक मोठा धूमकेतू येऊन गेला होता, तेव्हा आमच्या घरची आठवण नेमकी कोणाची हे आता देवच जाणे.) धुऱ्यावर उभे राहून आम्ही दक्षिणेकडे बराच वेळ पाहिलं.

“दिसला का तुले?”

“दिसला आबाजी.”

“मले त नाई दिसला बाप्पा.”

मलाही दिसला नव्हता.

१९९७ मध्ये हेल-बॉप आला तेव्हा शोधायची गरजच पडली नाही, संध्याकाळी गाईचं दूध काढताना गोठ्यातून दिसायचा. आबाजी खूश. ह्याले म्हंते शेपटीवाला तारा, थो दुसरा नुसता नावाचा होता. पण हा आता दोन हजारांहून जास्त वर्षांनी येणार, म्हणजे आपल्या हिशोबी मेलाच. २०२० चा निओवाइज पावसाळ्यात ढगांनी खाल्ला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एक आला होता, तेव्हा वावरात सोयाबीनचं थ्रेशर चालू, सगळीकडे भुसा, डोळ्यांना धूसर रेघ दिसली अन मोबाइलमध्ये मात्र झकास फोटो.

हॅली डिसेंबर २०२३ मध्ये नेपच्यूनच्याही पलीकडून वळला. परतीला लागलाय, २०६१ च्या जुलैत सूर्याजवळ येईल. वळला तेव्हा मी बहुतेक ह्याच वावरात स्प्रिंकलरचे पाइप उचलत असेन. अन अल्गॉल नव्वदेक प्रकाशवर्षं दूर आहे, त्याचा उजेड इथे यायला तेवढी वर्षं लागतात, म्हणजे परवा मी जे ग्रहण पाहिलं ते आबाजी चड्डीत फिरत होते तेव्हाचं.

परवा पोरगा सोबत होता. अल्गॉल निम्म्यावर उतरला होता, मी वही काढली तर तो विचारतो, “बाबा, २०६१ ले तुमी किती वर्षांचे असान?”

“त्र्याऐंशी.”

त्याने जरा विचार केला. “मंग तवा तरी दिवसाची लाइन भेटन का?”

तेवढ्यात मोटरच्या खोलीतला बल्ब लागला अन आम्ही दोघंही पळालो. पाइप हलवून, चिखलाचे पाय झटकून परत आलो तर अल्गॉल चढायला लागला होता. वहीत त्या रात्रीची जागा कोरीच आहे.