उजवीकडचे कोरे पान

गेली अनेक वर्षे मी प्रार्थनेची एक वही ठेवते. देवाकडे जे मागितले ते तारखेसह डाव्या पानावर लिहायचे आणि ते मिळाले की समोरच्या उजव्या पानावर नोंद करायची, अशी माझी साधी पद्धत आहे. धाकट्या भावाच्या आजारपणात मी त्याचे नाव इतक्या वेळा आणि इतके दाबून लिहिले की मागच्या दोन-तीन पानांवरही त्याचे वळ उमटले. तो गेला. उजवे पान कोरे राहिले आणि पुढे कित्येक महिने ती वही उघडण्याचे धैर्य मला झाले नाही.

भेटायला येणारी माणसे ‘देवाची इच्छा’ म्हणत. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण त्या शब्दांनंतर बोलायला काही उरतच नसे, आणि मला तर खूप काही बोलायचे होते, तेही थेट देवाशी.

त्या दिवसांत मी बायबलमधले ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाचले. लहानपणापासून ते मुलेबाळे, धन आणि आरोग्य गमावलेल्या सोशिक माणसाची गोष्ट म्हणून ऐकले होते आणि पहिल्या दोन अध्यायांपुरते ते खरेही आहे. मात्र एकूण 42 अध्यायांपैकी पुढच्या बहुतेक भागात हा सोशिक माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो आणि आपले गाऱ्हाणे त्याच्यासमोर मांडायला मिळावे म्हणून तळमळतो. त्याचे तीन मित्र आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, आणि त्यांच्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच, असे मला वाटते. तोंड उघडल्यावर मात्र देवाची बाजू मांडता मांडता त्यांनी त्या दुखावलेल्या माणसालाच पापी ठरवले. या वेळी एक गोष्ट पहिल्यांदाच माझ्या लक्षात आली: हे मित्र देवाविषयी पुष्कळ बोलतात, पण देवाशी एक शब्दही बोलत नाहीत. ईयोब मात्र मध्येच त्यांच्याकडे पाठ फिरवून ‘तू माझ्याशी असा का वागतोस’ असे देवालाच विचारतो. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि आपल्याविषयी ईयोबच योग्य ते बोलला, असे सांगतो. दुःख का आले, याचे उत्तर ईयोबाला तरीही मिळत नाही.

बायबलमधल्याच स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत आणि ती बहुधा शेवटी आशेकडे वळतात. 88 वे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते. तरीही त्याच्या आरंभी ‘माझ्या तारण करणाऱ्या देवा’ अशीच हाक आहे, आणि ज्यांना त्या हाकेपलीकडे काहीच म्हणवत नाही त्यांच्यासाठी ते राखून ठेवले असावे, असे मला मनापासून वाटते.

मला पंडिता रमाबाईही आठवतात. तरुण वयात दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले, 1880 साली लग्न झाले आणि 1882 साली वैधव्य आले. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली वारली. तेव्हा त्यांचे मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम चालू होते. ते त्यांनी सोडले नाही. 1922 साली, मृत्यूच्या थोडे आधी, ते हातावेगळे केले. त्या दुःखात रोज पुन्हा तेच पुस्तक समोर घेऊन बसणे किती जड गेले असेल, याची थोडी कल्पना आता मला येते.

परवा मी वही उघडली. भावाच्या नावासमोर त्याच्या जाण्याची तारीख घातली आणि खाली ‘का?’ एवढेच लिहिले. मग पान उलटून डावीकडे नवी तारीख टाकली आणि भावजयीला रात्री झोप लागावी, असे मागितले.